मायच्या गालाच्या पेशी

संशोधनासाठी पहिला नमुना मी माझ्या मायच्या गालातून घेतला. मी तो मागितला नव्हता, तिनंच देऊ केला.

तेव्हा मी भंडाऱ्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी नागपूरला नाव नोंदवलं होतं. खर्रा खाणाऱ्या बायकांच्या गालातल्या पेशींमध्ये डीएनएची मोडतोड किती होते, ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, असा विषय. खर्रा आमच्या भागात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना. पानठेलेवाला तो प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटतो आणि पुडी बांधून देतो. पुरुष चारचौघांत खातात, बाया पदराआड.

आमचं गाव करडीच्या बाजूला, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी. घर मासे धरणाऱ्यांचं. बाबा मी बारावीत असतानाच गेले. त्यानंतर दादा तलावात जाळं टाकायचा आणि माय टोपली घेऊन बाजारात बसायची. सकाळी निघताना ती काही खात नसे. कमरेला खोचलेल्या बटव्यात खर्रा असायचा, त्यावर दुपारपर्यंत निभायचं. "मासोरीच्या वासानं जेवन जात नाही, बाई," ती म्हणायची. मी तिचं हे बोलणं वर्षानुवर्षं ऐकलं होतं आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आमच्या आळीत अशाच सगळ्या बाया होत्या. म्हणून तर विषय सुचला.

पण विषय सुचणं वेगळं आणि बाया तयार होणं वेगळं. मी दोन रविवार घरोघर हिंडले. कोणी विचारलं, "रक्त काढशीन का?" कोणी म्हणालं, "कागदावर सही कायले पायजे? बचत गटाची हाय का?" एकीच्या सासूनं तर दारातूनच परतवून लावलं. तिसऱ्या रविवारी मायनं बायांना समाजमंदिराच्या ओट्यावर गोळा केलं. सगळ्या बसल्या तरी पुढे कोणी येईना. तेव्हा माय उठली, खुर्चीवर येऊन बसली आणि म्हणाली, "पाहा वं, मले काय होते ते. माह्यापासून सुरू कर, पोरी."

तिनं तीनदा चूळ भरली. मी गालाच्या आतल्या बाजूनं लाकडी पट्टी फिरवायला गेले तर ती नीट आत जाईना. तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"अजून उघड नं, माय."

"एवढंच उघडते."

बाया हसल्या. एक म्हणाली, "बाजारात तं मोठं उघडते तुहं तोंड!" मायही हसली. मी पट्टी तिरकी करून आत घातली, खरवडलं, काचपट्टीवर पसरवलं आणि नंबर टाकला. तिच्यामागे बाकीच्या आल्या. संध्याकाळपर्यंत माझ्याकडे डबाभर काचपट्ट्या झाल्या. मी इतकी खूश होते की एसटीच्या थांब्यापर्यंत तो डबा मी छातीशी धरून नेला.

नागपूरच्या प्रयोगशाळेत मी आधी दोन महिने तंत्र शिकले होते. माझ्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या, पण हाताला धरून शिकवायच्या. डीएनए तुटला आहे हे पाहायच्या दोन रीती त्यांनी मला दाखवल्या. पहिलीत पेशी पातळ जेलीत बसवतात, त्यांचं आवरण विरघळवतात आणि त्यातून वीज सोडतात. मग चमकणारा रंग देऊन अंधाऱ्या खोलीत पाहायचं. धड पेशीचा डीएनए गोल थेंबासारखा जागेवर राहतो. तुटलेल्याचे तुकडे विजेबरोबर एका बाजूला वाहत जातात आणि थेंबाला शेपूट फुटते. शिकवण्यासाठी मॅडमनी किरण दिलेल्या रक्ताचा नमुना ठेवला होता. त्यात भिंगाखालचं सगळं वर्तुळ अशा शेपटीवाल्या धूमकेतूंनी भरलेलं होतं. मी "किती सुंदर!" असं मोठ्यानं म्हणाले, आणि मॅडम माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या.

माझ्या कामासाठी दुसरी, साधी रीत ठरली. ती आमच्या कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकावरही जमत होती. गालाच्या खालच्या थरात पेशी सतत दुभंगत असतात. गुणसूत्र तुटलेलं असेल तर दुभंगताना एखादा तुकडा मागे राहतो आणि त्याभोवती वेगळं छोटं आवरण तयार होतं. मोठ्या केंद्रकाशेजारी मग एक इवलंसं केंद्रक दिसतं. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. काचपट्ट्या आधी आम्लात, मग एका द्रावणात अंधारात ठेवल्या की डीएनए तेवढा गुलाबी-जांभळा होतो, बाकीची पेशी फिक्की हिरवी. तेलाचा थेंब टाकून शंभराच्या भिंगाखाली एकेका काचपट्टीवर हजार पेशी मोजायच्या. सूक्ष्मकेंद्रक गोल हवं, मोठ्याच्या एकतृतीयांशाहून लहान हवं, त्याला चिकटलेलं नको. सुपारीचा कण, तोंडातले जंतू, कशानंही फसायला होतं. आणि कोणती काचपट्टी कोणाची हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून विभागातल्या माझ्या एका मैत्रिणीनं माझे नंबर झाकून त्यांवर तिचे नंबर टाकले. यादी तिच्या कपाटात.

चार महिने मी मोजत होते. तास संपले की प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी बसायचं, डावा हात आकडे मोजायच्या काउंटरवर, उजवा सूक्ष्मदर्शकाच्या चक्रीवर. वीज गेली की थांबायचं. तुलनेसाठी खर्रा न खाणाऱ्या बायांचेही नमुने घेतले होते; त्यांच्या काचपट्ट्या लवकर ओळखू येऊ लागल्या, त्या शांत असत. खाणाऱ्यांच्यात काही ना काही सापडायचंच. पण एका काचपट्टीवर मी चकित झाले. कुठे एका पेशीत दोन-दोन सूक्ष्मकेंद्रकं, कुठे केंद्रकच फुटून विखुरलेलं. ती मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. आकडा तोच आला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. इतका स्पष्ट नमुना प्रबंधात फोटोसाठी हवाच होता. मी तिचे चांगले सहा फोटो काढले आणि मॅडमना पाठवले.

यादी उघडली तेव्हा मैत्रीण नंबर वाचत होती आणि मी वहीत लिहीत होते. तो नंबर आला. तिनं माझा मूळ नंबर वाचला: एक.

"पुन्हा वाच," मी म्हणाले.

तिनं पुन्हा वाचला. तिला माहीत नव्हतं एक नंबर कोणाचा ते.

मी नागपूरला गेले. मॅडमनी माझं सगळं ऐकून घेतलं. "हे बघ, ही तपासणी समूहासाठी आहे," त्या म्हणाल्या. "एका बाईच्या आकड्यावरून तिला काय होईल हे सांगता येत नाही. तुलाही नाही, मलाही नाही." मग त्यांनी विचारलं, "तोंड कसं आहे त्यांचं? आत पांढरा चट्टा वगैरे?"

मी समाजमंदिराच्या ओट्यावर मायच्या तोंडात वाकून पाहिलं होतं, पण पट्टी कुठून आत जाईल एवढंच पाहिलं होतं. आत काय आहे ते मी पाहिलंच नव्हतं.

त्याच शनिवारी मी घरी गेले. मोबाईलच्या टॉर्चनं मायच्या तोंडात पाहिलं. डाव्या गालाच्या आत, खर्रा धरायची ती जागा, तिथं पांढुरका, खरखरीत पट्टा होता. मधे थोडी लाली.

"हे दुखते का?"

"तिखट लागलं का जळजळते. साऱ्यायचं जळजळते."

"माय, खर्रा सोड. आजपासून."

"काहून? एवढ्या वर्सांचं आता कायले?" ती हसली. मग तिनं माझा चेहरा पाहिला. बटवा काढून तिनं माझ्या हातात दिला. चार दिवस तिनं खर्रा खाल्ला नाही. पाचव्या दिवशी दादाचा फोन आला की माय बाजारात बसली नाही, डोकं धरून पडली आहे, चिडचिड करते. पुढच्या आठवड्यात मी गेले तेव्हा बटवा परत तिच्या कमरेला होता.

मी तिला भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी मायला आपलीच बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. धड माणसाची तीन जातात. मायची दीड. डॉक्टरबाईंनी चट्ट्यावर बोट फिरवलं, हातमोजे काढले आणि मला बाहेर बोलावलं. "नागपूरला नेऊन तुकडा तपासा. याच आठवड्यात न्या."

याच आठवड्यात. ते शब्द मला अजून त्यांच्या आवाजात आठवतात. आम्ही गेलो अडीच महिन्यांनी.

आधी माय तयार नव्हती. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरतं, मच्छीमार सोसायटीचा मोठा ओढा, सगळ्यांनी मिळून जाळं ओढायचं काम, त्याच दिवसांत असतो. रोहू, मरळ टोपल्याच्या टोपल्या निघतात. "ओढा होऊ दे, मंग चलतो," ती म्हणाली. ओढा झाला. मग मी तयार नव्हते. प्रबंध जमा करायची तारीख आली होती, तक्ते पक्के करायचे होते, बांधणीवाल्याकडे चकरा होत्या. मी मायला फोनवर म्हणाले, "एवढं जमा करू दे, लगेच जाऊ." ती म्हणाली, "तुह्यं होऊ दे पहिले." तिच्या आवाजात सुटका होती आणि ती मला ऐकू आली होती. तरीही मी फोन ठेवला आणि तक्त्याकडे वळले. त्या तक्त्यात एक नंबरच्या पुढे तिचा आकडा होता.

तुकड्याचा अहवाल कॅन्सरचा आला. चट्ट्यात एक जखम झाली होती, ती खोल गेली होती. शस्त्रक्रियेत डावा गाल आणि जबड्याचा अर्धा भाग काढला, छातीवरचं मांस घेऊन तिथं शिवलं. पंधरा दिवस नाकातल्या नळीतून दूध आणि पातळ पेज. माय बोलायची ती कळत नसे. दादा तिच्या उशाशी बसून राहायचा, त्याला कळायचं. "पानी मांगते," तो सांगायचा. "खिडकी लाव म्हनते."

मग किरणं सुरू झाली. रोज सकाळी तिला चाकाच्या खुर्चीतून त्या जाड दाराच्या खोलीत नेत आणि मी बाहेर बाकावर बसे. आत काय होत होतं ते माझ्याइतकं त्या बाकावर कोणालाच माहीत नव्हतं. ते किरण डीएनएच तोडतात. वाईट पेशीचा तोडतात आणि शेजारच्या चांगल्या पेशीचाही. अंधाऱ्या खोलीतले ते धूमकेतू मला आठवत, आणि मी त्यांना सुंदर म्हटलं होतं तेही. एकदा तिनं पाटीवर लिहून विचारलं, मशीन काय करते? तिला अक्षरं लिहिता येत होती, बचत गटात शिकली होती. मी होईल तितकं सोपं करून सांगितलं. तिनं लिहिलं, 'ज्यानं रोग झाला त्यानंच बरा?' मी मान हलवली. तिनं पाटी पुसली आणि खांदे उडवले.

त्यानंतरचे काही महिने बरे गेले. माय थोडं बोलू लागली, अर्धे शब्द नाकातून यायचे. बाजारात ती पुन्हा गेली नाही. हाक मारल्याशिवाय मासळी विकली जात नाही, आणि तिला चेहरा पदरानं झाकून घ्यावा लागायचा. भंडाऱ्याला तपासणीसाठी आली होती तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "ते तुह्यं पाह्याचं यंत्र मले दाखव."

मी तिला कॉलेजात नेलं. सुट्टी होती, प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. मी एक नंबरची काचपट्टी लावली, तेल टाकलं, नीट दिसेल असं केलं आणि तिला स्टुलावर बसवलं. आधी तिला आपल्या पापण्याच दिसत होत्या. मग एकदम ती स्थिर झाली.

"गुलाबी दिसते."

"ते केंद्रक. त्याच्या बाजूला बघ."

"हो. बाजूले पिल्लू आहे." तिनं डोळा न काढताच विचारलं, "हे माह्या गालातलं?"

"होय."

"तो गाल तं डॉक्टरनं कापून फेकला."

"हे त्याच्या आधी घेतलेलं, माय. समाजमंदिरात."

तिनं डोळा काढला. माझ्याकडे पाहिलं. "तू कवा पाहलं हे?"

मी सांगितलं. यादी कधी उघडली, डॉक्टरबाई काय म्हणाल्या होत्या, मधले अडीच महिने, प्रबंधाची तारीख. एका दमात सांगितलं, कारण थांबले असते तर पुढचं सांगता आलं नसतं. एका आकड्यावरून काही ठरत नाही हे मॅडमचं वाक्यही मी सांगू लागले, पण ते अर्ध्यातच सोडलं.

पदरानं मायनं शिवलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ पुसली. "मी बी तं ओढ्याचं म्हनलं होतं नं," ती म्हणाली. मला वाटतं तिनं मला सोडवायचा प्रयत्न केला. त्यानं माझी सुटका झाली नाही, आजही नाही.

मग तिनं विचारलं, "बाकीच्या बायांच्यात बी पिल्लं आहेत का?"

"काहींच्यात आहेत."

"त्यायले सांगतलं?"

"नाही. तसं सांगायचं नसतं, माय. नियम आहे. आणि आकड्यावरून..."

"आकडा नको सांगू," ती म्हणाली. "तोंडात तं पाह्यले लाव."

मी मॅडमना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. ज्या डॉक्टरबाईंनी मायला तपासलं होतं त्या आपल्या दोन सहकाऱ्यांना घेऊन आमच्या गावात आल्या. त्या दिवशी माय समाजमंदिरात बसली होती, पदर न घेता. चेहरा उघडा ठेवून ती अशी गावात पहिल्यांदाच बसली. एकही बाई मागे राहिली नाही. पुरुषही आले. एका बाईच्या जिभेच्या कडेला लहानशी गाठ सापडली. तिला तिच्या नवऱ्यानं दुसऱ्याच दिवशी नागपूरला नेलं. थोडक्यात निभावलं. ती आता धानाच्या रोवण्याला जाते आणि मला भेटली की मायचं नाव काढते.

मायचा रोग मानेत परत आला. यावेळी डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही. ती घरीच राहिली. धान कापणीला आलं होतं त्या दिवसांत एका दुपारी गेली. मी भंडाऱ्याहून निघाले होते, करडीच्या अलीकडे एसटीत असतानाच दादाचा फोन आला. तो फक्त एवढंच म्हणाला, "ये हळूहळू. घाई नाही आता."

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा मायच्या आजारातच पार पडली होती. पदवीचं पत्र ती गेल्यावर आलं. प्रबंधात ऋणनिर्देशाच्या पानावर 'नमुने देणाऱ्या सर्व महिलांचे आभार' असं एक वाक्य आहे. ते मी मायच्या तपासणीच्या आधी लिहिलं होतं आणि त्यात तिचं वेगळं काही लिहिलेलं नाही. छापून झालेलं बदलता येत नाही.

दहाव्याला आम्ही तलावावर गेलो होतो. विधी आटोपले, लोक पांगले. दादा कुठे दिसेना म्हणून मी पाळीवरून पलीकडे गेले. तो काठावर ओढून ठेवलेल्या डोंग्याच्या, मासेमारीच्या होडीच्या, आडोशाला पाठ करून बसला होता. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यानं मायच्या पायाला हात लावून खर्रा सोडला होता, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. त्याचा गाल फुगलेला होता. मी दिसताच तो थुंकला आणि तोंड पुसू लागला.

मला किती तरी बोलायचं होतं. प्रत्येक शब्द मला पाठ होता, तो मी वर्गात सांगते, शिबिरात सांगते.

"सुटत नाही गे," तो म्हणाला. "माय गेल्यापासून तं अजूनच नाही."

तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी त्याच्याशेजारी ओल्या मातीत बसले. थोड्या वेळानं मी त्याला म्हणाले की उद्या माझ्याबरोबर भंडाऱ्याला चल, डॉक्टरबाईंना तोंड दाखवू. तो म्हणाला, "उद्या नाही, परवा येतो." मी म्हणाले, "उद्या." त्यानं मान हलवली. सकाळच्या एसटीनं मी त्याला घेऊन गेले.